मेणात राहिलेली माय

मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे, आणि माझ्या पोटात तानुबाईच्या आतड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. आधी ऐकून तर घ्या.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. वडनेर भोलजीच्या तानुबाईच्या आतड्यातली गाठ खामगावच्या एका दवाखान्यात काढली. तिचा छोटा तुकडा औषधी पाण्यात मुरवला, त्यातलं पाणी काढून घेतलं आणि वितळलेल्या मेणात बुडवला. मेण थिजलं, आणि मी जन्मलो. माझे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून डॉक्टरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मला उजेडात धरून ते म्हणाले, "छान जमलाय." पुढे कितीतरी वर्षं मी त्या दोन शब्दांवरच काढली.

तानुबाईचे यजमान उकंडराव यांना मात्र डॉक्टर तसं छान काही सांगू शकले नाहीत. "गाठ आतड्याच्या भिंतीतून आरपार गेली होती. शेजारच्या ग्रंथींत पोचलेली दिसत नाही. पण परत येणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते सांगणारी तपासणीच अजून निघालेली नाही."

उकंडरावांनी टेबलावरच्या माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "तं मंग तो तुकडा आमाले द्या. मानूस जाईन तं पुरं जाले पायजे. तिच्या सरनावर ठेवीन मी."

डॉक्टरांनी समजावलं, चिडले, शेवटी हात टेकले. मी पत्र्याच्या डबीत बसून वडनेरला आलो.

वऱ्हाडचा उन्हाळा आणि मेण, यांचं कसं जमायचं? पहिल्याच वैशाखात माझे कोपरे मऊ पडले. तानुबाईनेच डबी रांजणाखालच्या ओल्या वाळूत सरकवली. अधूनमधून ती मला बाहेर काढायची आणि दटावायची, "काऊन बे, येऊन राह्यला का परत? येशीन तं सांगून येजो. घरी पापडाचा पसारा पडला हाये."

ती हसत विचारायची खरी, पण पोटात जरा कळ आली की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. लेक शालू पाच वर्षांची असतानाच तिने तिच्या लग्नाचं लुगडं घेऊन ठेवलं. तेव्हा आपण असू-नसू, म्हणून. मला फार वाईट वाटायचं. उत्तर माझ्याच पोटात होतं, पण ते वाचणारं कुणी नव्हतं.

ती गाठ परत आलीच नाही. तानुबाईने लेकीचं लग्न केलं, नातू निवृत्तीला अंगाखांद्यावर खेळवलं, आणि चांगलं पिकलं पान होऊन एका सकाळी शांतपणे गेली. उकंडराव आधीच गेले होते. त्या धावपळीत माझी आठवण कुणालाच झाली नाही. तेरवीनंतर रांजण हलवताना शालूबाईला डबी सापडली.

"माय अर्धीच गेली वं!" म्हणून ती ओक्साबोक्शी रडली. मला वेगळं जाळायचा धीर तिला झाला नाही. तिने मला गार कोनाड्यात ठेवलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही. मीही मनातून खट्टू होतो. ज्या एका कामासाठी मला आणलं होतं, तेवढंही माझ्याकडून झालं नव्हतं.

आणि मग शालूबाईच्याच आतड्यात गाठ निघाली.

अकोल्याला ऑपरेशन झालं. तिला एकच भीती होती, परत येईल का? नर्सला विचारायची, झाडूवालीला विचारायची. झोप पार उडाली होती. केमोचं औषध द्यावं की नाही, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनाही ठरवायचं होतं. त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"मायले झालतं. तिचा तुकडा हाये ना घरी, डबीत."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "आहे?"

निवृत्ती मला घेऊन आला. मी आणि शालूबाईच्या गाठीचा नवा ठोकळा, दोघं मुंबईला तपासणीला गेलो. तिथे नुसता आकार पाहत नाहीत, पेशींमधले रेणूही तपासतात. पेशी वाढताना स्वतःची नक्कल करते, आणि नकलेतल्या चुका दुरुस्त करणारे रेणू असतात. त्यांतला एक माझ्यात नव्हता. तोच शालूबाईच्या गाठीतही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "अशा गाठीत चुका इतक्या साचतात की शरीर तिला परकी म्हणून ओळखतं. ग्रंथींपर्यंत पोचायच्या आत काढली, तर ती सहसा परत येत नाही. तुमचीही पोचायच्या आतच निघाली आहे, म्हणून तुम्हाला केमो नको. पण नवी गाठ होऊ शकते, म्हणून दरवर्षी दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही. हा दोष आईकडून मुलाकडे जाऊ शकतो, तेव्हा निवृत्तीचंही रक्त तपासू."

शालूबाईला एवढंच कळलं. "म्हंजे मायच्यात होतं, थेच माह्यात हाये?"

"हो. एका माणसावरून नियम बांधता येत नाही. पण तुमच्या आई जगल्या त्याचं हे कारण असू शकतं."

"माय नातू खेळवून गेली," शालूबाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

मित्रांनो, मला जपणाऱ्यांना मी काय आहे हे ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी मला जपलं. तुम्हाला तर आता ठाऊक झालं आहे. घरातल्या मोठ्यांची दुखणी विचारून ठेवा. दवाखान्यातून असा ठोकळा मिळाला, तर किळस करून फेकू नका. वाचणारा उद्या येतो.

आम्ही आत्ता अकोल्याहून वडनेरला जाणाऱ्या एसटीत आहोत. मी पिशवीत, पिशवी शालूबाईच्या मांडीवर, तिचं डोकं निवृत्तीच्या खांद्यावर. खामगावचं स्टँड आलं आणि गेलं. जरा हळू बोला. तिला झोप लागली आहे.