शेजारची सीट

या सौद्यात डॉक्टरांचा फायदाच फायदा होता. गाडी आयती मिळाली होती, कारण ती बायकोच्या मामाची. मामांनी तरुणपणी तिच्यातून शर्यती मारल्या, उतारवयात तिला ताडपत्री घातली आणि जाताना भाचीच्या नावावर करून गेले. भाचीची ती आपली, हा डॉक्टरांचा सरळ हिशेब. दर हिवाळ्यात घाटरस्त्यावर जुन्या शर्यतीच्या गाड्या धावत. तिथे आमंत्रण मिळालं की कठड्याला रेलून लोक टाळ्या वाजवणार, फोटो निघणार, दवाखान्यात फ्रेम लागणार. ही झाली उघड जमा. झाकलेली जमा डॉक्टरांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती: पूर्ण घाटभर शेजारी बायको नको होती. ती उत्तम गाडी चालवायची, आणि उत्तम चालवणारा माणूस शेजारी बसला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

अडचण एकच होती. तिला बरोबर न्यायचं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. मामांनी लहानपणी तिला सांगितलं होतं, मोठी झालीस की घाटात नेईन. ती मोठी होईपर्यंत मामांचं शर्यतीत उतरणं थांबलं. तेव्हापासून त्या गाडीतून घाट चढायचा, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

गाडी उस्तादांच्या गॅरेजात गेली. इंजिन आणि पत्रा उस्तादांकडे, आतलं सगळं त्यांच्या वहिनीकडे. कुशनच्या कामात बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. गिऱ्हाइकं काय, पंक्चरवाला काय, सगळे तिला वहिनीच म्हणत.

वहिनीनं आधी मामांनी म्हातारपणी हौसेनं अंथरलेला गालिचा उचकटला. खाली राखाडी रंगाचा उघडा पत्रा निघाला. मग डॅशबोर्डवरचं चकचकीत लाकूड काढलं. मागे खरखरीत काळा रंग, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचं घड्याळ मुद्दाम तिरकं बसवलेलं.

"हे वाकडं लागलंय," डॉक्टर म्हणाले.

"वाकडं नाही. धोक्याची खूण बरोबर डोक्यावर यावी म्हणून फिरवलंय. काटा उभा राहिला की गिअर बदलायचा. वळणावर आकडे वाचायला वेळ कुणाला असतो?"

शेवटी तिनं शेजारच्या सीटची गुबगुबीत गादी उचलली आणि खो खो हसत सुटली. "भाऊजी, इकडे या! इथे सीटच नाही."

गादीखाली पत्र्याची एक फळी होती आणि फळीखाली बॅटरी. उस्तादांनी मान डोलावली. "शर्यतीचा नियम होता ना, गाडी दोन माणसांची हवी. मग फळी ठोकायची, वर कापड ताणायचं, तपासनिसाला दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. इथे कधी मांजरसुद्धा बसलं नसेल."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की गॅरेजातला दिवा मालवला तरी चाललं असतं. "म्हणजे मूळ गाडीत माणूस बसायची सोय नव्हती?"

"नव्हती."

"मग तसंच करा. घाटातले लोक फार कडक आहेत. आत डोकावून बघतात, मूळ नसेल तर गाडी दारातून परत."

"ताईंना विचारलंत?"

"तिला काय विचारायचंय? नियम तो नियम."

डॉक्टर दातांचे. समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय, त्यामुळे उलट उत्तर ऐकून घ्यायचा सराव नव्हता.

रविवारी बायको आली. साडीचा पदर खोचून फळीवर बसून पाहिलं. गुडघे डॅशबोर्डला टेकले, डोकं काचेच्या वर गेलं.

"अहो, माझी सीट कुठाय?"

"हीच. काय करणार? मला किती वाईट वाटतंय, तुला कल्पना नाही."

"दिसतंय ते तोंडावर."

"अगं, मूळ गाडी अशीच होती. वहिनी सांगतील."

"होती अशीच," वहिनी म्हणाली. खोटं बोलायची तिला गरज नव्हती, आणि आवडही नव्हती. "पण डॉक्टर, आता ड्रायव्हरच्या सीटचं माप द्या. बसा बघू."

"मी बसलोय की याआधी! मस्त मावतो."

"तेव्हा खाली पोतं होतं. आता खाली घोड्याच्या केसांचं भरण येईल, पाठीला भरण येईल, दोन्ही कुशींना उशा येतील. माणूस वर उचलला जातो नि पुढे सरकतो. जुनं भरण काढलं तेव्हा त्याचा साचा घेऊन ठेवलाय मी. मामा किरकोळ अंगाचे होते. हवं तर तुमच्यासाठी कमी करते."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती फळीवर बसून सगळं ऐकत होती. एका सीटला मूळचा नियम आणि दुसरीला सवलत, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"कमीबिमी काही नको," ते छाती काढून म्हणाले. "मामा बसायचे तसंच. घोड्याचे केस तर घोड्याचे केस."

"बरोबर बोलताय," बायको म्हणाली. "करायचं तर सगळं मूळ. अर्धं नको." आणि पदर सोडून उभी राहिली. पुढे ती दर आठवड्याला गॅरेजात येत राहिली. वहिनीजवळ बसून चामड्याला तेल चोळायची, उस्तादांना क्लचबद्दल विचारायची. डॉक्टरांना वाटलं, मन रमवतेय बिचारी.

वहिनीनं जीव ओतून काम केलं. बारीक पट्ट्यांची सीट, कडेला काळं पायपिंग, लाकडी स्टेअरिंगचा एकेक रिव्हेट पुसून लख्ख. घाटाचे तपासनीस आधीच येऊन पाहून गेले आणि पसंतीची मोहोर उठवून गेले. मग डॉक्टर बसायला आले.

एक पाय गेला. दुसरा स्टेअरिंगखाली अडकला. ओढून घेतला, तर पोट स्टेअरिंगला भिडलं. डावीकडे वळवलं की स्टेअरिंग फिरे; उजवीकडे वळवलं की डॉक्टर फिरत.

"सीट मागे घ्या!"

"चार बोल्ट आहेत, सरकपट्टी नाही," उस्ताद म्हणाले. "मागे पेट्रोलची टाकी."

"मग भरण काढा. दोनच बोटं!"

"आत्ता काढते," वहिनीनं कात्री उचलली. "फक्त तपासनिसांना परत बोलवा आणि सांगा, ते मूळ राहिलं नाही म्हणून."

डॉक्टरांनी श्वास आत घेऊन पाहिला. तो घाट संपेपर्यंत धरून ठेवणं शक्य नव्हतं. उस्ताद उगाच एक पाना पुसत राहिले.

"उतरा," बायको म्हणाली. आवाज चढा नव्हता. "भाऊजी, धरा त्यांना."

दोघांनी मिळून डॉक्टरांना बाहेर काढलं. बायको आत उतरली, कुशींच्या उशांमध्ये अलगद बसली, पाय पेडलवर टेकले. तिनं क्लच दाबला, गिअर आतबाहेर करून पाहिला आणि स्टार्टर दिला. गॅरेजचा पत्रा थरथरला.

"ताई, माप अगदी बेतलेलं," वहिनी ओरडली.

"मामा माझ्याएवढेच होते! कॉलेजात मला त्यांचे कोट बसायचे!"

"हे तुला आधीपासून माहीत होतं?" डॉक्टरांनी आवाजावर आवाज चढवून विचारलं.

"सगळं मूळ हवं, हा हट्ट कुणाचा होता?"

ती घाट चढली. पहिल्या वळणाला जरा जपून, पुढे बेधडक. काटा उभा राहिला की गिअर. माथ्यावर पोचली तेव्हा तिचा चेहरा धुळीनं काळवंडला होता आणि हसू आवरत नव्हतं. डॉक्टर मागून उस्तादांच्या टेम्पोत आले, आणि खरं सांगायचं तर टाळ्या त्यांनीच सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. फोटो निघाले. दवाखान्यात फ्रेमही लागली.

शेवटी खर्चाचं बघू. इंजिन, पत्रा, चामडं, घोड्याचे केस, वहिनीची मजुरी, घाटाची प्रवेश फी आणि टेम्पोचं भाडं डॉक्टरांनी दिलं. हेल्मेटचे पैसे मात्र बायकोनं भरले. डॉक्टरांनी स्वतःसाठी आणलेलं तिला ढगळ होत होतं.