शुभ्राच्या हाडांचं औषध

मी कॅल्शियमच्या इंजेक्शनची काचेची बाटली. बोटाएवढी, आतलं औषध कधीच संपलेलं. बोलतेय, कारण आता गप्प बसवत नाही.

कारखान्यातून बोटीने अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात आले, तेव्हा काय तोरा होता माझा! हाडं मजबूत करणारी ना मी!

तिथे शुभ्रा होती, सातव्या महिन्यातच जन्मलेली. दूध पचेना, म्हणून दोन महिने तिचं सगळं पोषण शिरेतून गेलं. त्यातलं कॅल्शियम माझ्या बहिणींनी दिलं, शेवटचं मी. मग फार्मसीतल्या वसईच्या पामेलाने मला धुऊन टेबलावर ठेवलं, पिना ठेवायला.

शुभ्रा घरी गेली. पुढचं मी फार्मसीतल्या बोलण्यातून ऐकलं. तिची आई ईश्वरी रोज तेल लावून तिला न्हाऊ घालायची. पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर, "अगं, नीट चोळ! हाडं घट्ट होतात." एका सकाळी चोळता चोळता शुभ्रा किंचाळली. दंडाचं हाड मोडलं होतं.

मग काय, सगळे ईश्वरीवर! "एवढा जोर लावतात का गं?" असं त्याच सासूबाई म्हणाल्या. हाड जुळलं, सहा महिने झाले, पण ईश्वरी लेकीला हात लावेना. आंघोळसुद्धा बाप घालायचा. बाटलीवर कोण संशय घेतो?

पामेलाने घेतला. काचेतलं ॲल्युमिनियम औषधात उतरतं. एवढ्याशा जिवाच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, मग ते हाडात जाऊन बसतं नि हाड कच्चं राहतं. अहो, मला हे ठाऊकच नव्हतं! तिने प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी मेल टाकला. उत्तर आलं, "पुढच्या ऑर्डरला, इन्शाल्ला."

ईश्वरी तपासणीला आली, तेव्हा पामेलाने तिला खिडकीशी बोलावलं. "ऐक, तुझ्या हातांचा दोष नाही. लवकर जन्मली, हाडं कच्चीच होती. त्यात ह्या बाटल्यांचाही वाटा असेल. तू तिला घे गं, डॉक्टरांनी ओके म्हटलंय."

पामेलाने पिना काढून मला पुढे केलं. ईश्वरीने मला उलटसुलट करून पाहिलं. डोळे भरून आले तिचे. "थँक यू, पामेला," म्हणाली.

तेवढ्यात बापाच्या कडेवरून शुभ्रा आईकडे झेपावली. ईश्वरीने पटकन हात पाठीमागे नेले. "शैलेंद्र, तूच घे तिला. प्लीज."

मला फोडा, कचऱ्यात टाका, माझं काही म्हणणं नाही. पण त्या बाईला पुन्हा पुन्हा सांगा हो. तिला पटलंय, तिच्या हातांना अजून पटलेलं नाही.