सात आडवे

टेलिफोन कचेरीतून निवृत्त झाल्यापासून बाई एका छोट्या दैनिकासाठी शब्दकोडी रचायच्या. गल्ली त्यांना कोडेबाईच म्हणे. महिन्याची कोडी त्या एकदम देऊन टाकत. संपादक ती कपाटात कोंबून ठेवी आणि हाताला येईल ते छापी. कुठलं कधी येणार, हे त्यांनाही ठाऊक नसे. मात्र एका सूत्राला एकच उत्तर बसलं पाहिजे, याबाबतीत त्या भारी काटेकोर.

त्यांचा जावई कारखान्यात फिटर. तीन महिने संप चालला होता. लेक सातव्या महिन्यात, रक्तदाब वाढलेला, आणि कारखान्याचा दवाखाना संपकऱ्यांच्या घरच्यांना बंद. शेवटी सोमवारी जावयानं संपाचा लाल बिल्ला काढला, मालकाच्या संघटनेचा निळा लावला आणि मान खाली घालून कामावर गेला.

मंगळवारच्या अंकात सात आडवे होतं: 'संकट दिसताच रंग बदलणारा (३)'.

संध्याकाळी इस्त्रीवाल्यानं कपडे देताना बाईंना डोळा घातला. "काय हाणलंत हो जावयाला! कारखान्याच्या फाटकावर कात्रण डकवलंय. सासूनंच ओळखला म्हणतात!"

चपला अडकवून बाई तडक दैनिकाच्या कचेरीत गेल्या.

"उद्या उत्तर छापू नका," त्या संपादकाला म्हणाल्या.

"अहो, सगळ्यांनी सकाळीच भरलंय ते. असंच झणझणीत देत चला!"

"दोन महिन्यांपूर्वी दिलं होतं मी! तुम्ही आज काढलंत."

"मग तसा खुलासा छापू?"

"नको, नको. ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल."

"तर मग दुसरं उत्तर द्या. तेच छापतो."

बाई स्टुलावर पेन्सिल घेऊन बसल्या. आभाळ रंग बदलतं, पानं बदलतात, पिकणारं फळ बदलतं. पण पहिल्या घरातला 'स' उभ्या 'सहवास'नं धरून ठेवला होता, 'र' 'रखवाली'नं, 'डा' 'डाळिंबा'नं. स्वतःच इतकं घट्ट विणलं होतं की सुई शिरायला जागा नव्हती. अर्ध्या तासानं संपादक म्हणाला, "बाई, पान छपाईला जातंय." त्यांनी पेन्सिल ठेवली.

घरून कोड्यांची वही घेऊन बाई लेकीकडे गेल्या. लेकीनं दार उघडलं, पण दारातून हलली नाही.

"ही बघ वही. तारीख बघ," बाई म्हणाल्या.

"तारीख काय, आजही टाकता येते. तुला हा पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होता."

हे खरं होतं. लग्नाच्या वेळी बाई आठ दिवस घुम्या बसल्या होत्या. पण पुढं या पठ्ठ्यानं त्यांच्यासाठी कोडी सोडवायला शिकून घेतलं, रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करून उत्तरं सांगायला लागला, आणि बाई कधी विरघळल्या ते त्यांनाच कळलं नाही. हे लेकीला आता कसं सांगायचं?

आत जावई बूट काढत बसला होता.

"फाटकाशी डबा खाताना मीच भरलं, आई," तो म्हणाला. "पहिलं तेच सुटलं. म्हटलं, आज सोपं दिलंय आईंनी. मान वर केली, तर फाटकाबाहेरचे सगळे माझ्याकडे बघत होते."

"शपथ घेते रे, मी मुद्दाम…"

"मला पटतंय. त्या चारशे जणांना कोण पटवणार?"

तो चिडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

उत्तर छापून आलं. तीन आठवड्यांत संप मोडला आणि एकेक करत सगळ्यांनीच निळे बिल्ले लावले. नाव मात्र त्या एकट्यालाच चिकटलं. हजेरी घेणारा कारकूनही तेच घेऊ लागला. मुलगी झाली, चाळीस दिवसांची झाली, आणि जावयानं दुसऱ्या गावची नोकरी धरली. बाईंना कुणी विचारलं नाही, कुणी दोषही दिला नाही.

सामान हलवायच्या दिवशी त्या नातीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रकवाला खाली उतरला. नवखा, साधा माणूस. कारखान्याच्या फाटकावर पत्ता विचारून आलेला.

"मावशी, सरड्याचं घर हेच ना?"

आत लेक भांडी बांधत होती. जावई दोरी घेऊन वाकला होता; तो वर बघेना.

"हेच," बाई म्हणाल्या, आणि कपाट बाहेर निघावं म्हणून त्यांनी दाराची दुसरी फळी उघडून धरली.