भिवाकाकांच्या डब्याची पिन

हितेंद्रला त्या डब्याचा उबग आला होता. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि डिलाईल रोडच्या खोलीत पाय टाकला की बँजो पार्टीतल्या भिवाकाकांचा डबा दुरुस्तीला आ वासून समोर. काकांच्या बँजोचा आवाज जाडाभरडा करणारा हा डबा हितेंद्रनेच हौसेने बनवलेला. हौस कधीच फिटली होती. गणपतीच्या आगमनात डबा मधेच मुका व्हायचा आणि पार्टीचा म्होरक्या रघुवीर चारचौघांत ऐकवायचा, घरगुती माल तो घरगुतीच.

दर वेळी सेल उतरलेला. डब्याला वेगळं बटण नव्हतं, बँजोच्या वायरीची पिन बसायची तो जॅकच ते काम करी. पिन घातली की चालू, काढली की बंद. हितेंद्रने जॅकवरच संशय घेऊन तो दोनदा बदलला. शेवटचा तर लॅमिंग्टन रोडवर दहा जॅक चाचपून आणला, गर्दीत हिसका बसला तरी पिन सुटू नये असा. तरी सेल उतरलाच. आता रघुवीरने बजावलं होतं, उद्या डबा बंद पडला तर काकांच्या जागी दुसरा वाजवेल.

म्हणून आज तो डबा घेऊन स्वतः काकांकडे गेला. काकांनी वाजवून दाखवलं, झकास वाजवलं, आणि बँजो तसाच कोपऱ्यात ठेवला. पिन आतच, म्हणजे डबा चालूच. हितेंद्र म्हणाला, काढा ना. काकांनी टाळाटाळ केली, मग पिन धरली. बोटं दोनदा सटकली.

"तारा छेडूची नखी धरूक जोर पुरता रे," काका खाली बघत म्हणाले, "पिन उपटूक नाय पुरत. तुझो नवो जॅक तर लयच घट्ट. पार्टीत बोलू नको. माका घरी बसवतील."

हितेंद्रला स्वतःचाच राग आला. आगमनाच्या गर्दीचा एवढा विचार केला, पण ज्याने वाजवायचं त्याचा हात कधी बघितलाच नव्हता. थकलेला होता तरी त्याने तिथेच डबा उघडला, सेलच्या वायरीत तळहाताने दाबता येईल असं मोठं बटण जोडलं. पिन होती तिथेच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या नाक्यापर्यंत बँजो दणकून वाजला. रघुवीरने विचारलं, बिघाड होता तरी कशात? काकांनी हितेंद्रकडे बघितलं.

"जॅक चुकीचा लावला होता," हितेंद्र म्हणाला. "माझीच चूक."

बोलत होतो ना, घरगुती माल, रघुवीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. हितेंद्रने मान डोलावली आणि बटण दाबून काकांचा बँजो पार्टीच्या गाडीवरून उतरवून घेतला, पिन होती तशीच.