झुरेमाचे भाडेकरू

विल्मार तेचेराने बोटाच्या पेरांनी भिंतीवर टकटक केलं आणि दगडी पाटीला कान लावला. आतून काहीच आवाज आला नाही. त्याने पुन्हा टकटक केलं, या वेळी जरा खालच्या बाजूला.

"अहो काका," दफनभूमीचा राखणदार झाडू टेकवून उभा राहिला. "आतून कोणी कडी काढणार नाही."

"आत कोण आहे ते बघतोय."

"पाटीवर लिहिलंय की."

पाटीवर लिहिलं होतं: झुरेमा कोएल्यो. विल्मारने स्वतः बायकोसाठी ती पाटी निवडली होती, स्वतः बसवून घेतली होती. पण पाटीचं काय, ती बाहेरून चिकटवलेली असते. आतली पेटी काढली आणि पाटी राहू दिली, तर बाहेरच्याला काय कळणार?

"कॉम्प्युटरवर दुसरंच नाव येतंय," तो म्हणाला. "या कोनाड्यात दुसऱ्याच कोणाला ठेवलंय म्हणून दाखवतात."

राखणदाराने खांदे उडवले. "मग तसं असेल. माझ्याकडे फक्त झाडू आहे. बाकी सगळं आता नेटवर."

नेटवर. महिनाभर विल्मार हाच शब्द ऐकत होता. भिंतीतल्या कोनाड्यात माणूस कायमचा राहत नाही. काही वर्षांनी कोनाडा उघडतात, उरलेली हाडं लहान पेटीत भरतात आणि घरच्यांच्या हातात देतात. घरचं कोणी आलं नाही, तर ती सगळ्यांच्या विहिरीत जातात, तिथे कोण कोणाचं हे पुन्हा कोणी सांगू शकत नाही. झुरेमाचा कोनाडा या आठवड्यात रिकामा होणार होता. आधी हे काम खिडकीवर जाऊन होत असे. या वर्षी खिडकी बंद केली. दफनभूमीच्या वेबपानावर जायचं, कोनाडा शोधायचा, पेटी नेण्याचा दिवस मागायचा. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

विल्मारने सान आंतेरोत, स्वतःच्या गावात, लहानसा कोनाडा घेऊन ठेवला होता. दोन पेट्या मावतील एवढा. एक तिची. दुसरी कोणाची ते सांगायला नको.

फाटकातून अदाइर आला, झुरेमाचा धाकटा भाऊ. धापा टाकत होता, कोटाची बटणं उलटसुलट लागली होती. तो याच बाजूला, ब्राझीलमध्ये, राहतो. विल्मारचं घर रस्त्यापलीकडे सान आंतेरोत, म्हणजे उरुग्वेत. मधे फक्त झाडांची एक रांग.

"दाजी, फोनवर काय ओरडत होता? मला फक्त 'घेऊन गेले' एवढंच कळलं."

"तिला घेऊन गेले, अदाइर. विहिरीत टाकलं."

"कोणी सांगितलं?"

"पानावर हिच्या कोनाड्याला दुसरंच नाव आहे. सोमवारपासून मी वेड्यासारखा कोएल्यो शोधतोय, तर कोएल्यो कुठेच नाही. आज पानावरचा एकेक कोनाडा दाबून बघितला. हिच्या जागी कोणीतरी कोनेहो आहे."

"काय?"

"कोनेहो. कोणा कोनेहोला ठेवलंय तिथे."

अदाइर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. विल्मारला आधी वाटलं, हा रडतोय. पण तो हसत होता, पोट धरून. राखणदारही वळून बघू लागला.

"दाजी, अहो, मी कोनेहो! शाळेत तुमच्या बाजूची पोरं मला काय म्हणायची? कोएल्यो म्हणजे ससा. आमच्या भाषेत कोएल्यो, तुमच्या भाषेत कोनेहो! तुमच्या त्या कॉम्प्युटरने आडनावाचं भाषांतर केलंय!"

विल्मार तसाच उभा राहिला. हा शब्द त्याने आयुष्यात एकदाच तिच्यासाठी वापरला होता, लग्नाआधी, लाडात येऊन. झुरेमा महिनाभर बोलली नव्हती. 'माझ्या भावाला रडवणारा शब्द आहे तो,' एवढंच म्हणाली. त्यानंतर तो शब्द विल्मारच्या जिभेवर आलाच नाही. आज समोर लिहिलेला होता, तरी ओळखू आला नाही.

"म्हणजे आत तीच आहे," तो म्हणाला.

"तीच आहे. आणि आता हसतेय आपल्याला. चला, पाच वाजत आले."

*

विल्मारच्या घरी कॉम्प्युटर स्वयंपाकघरातच होता, शेगडीजवळ, कारण हिवाळ्यात झुरेमाचे हात गारठत. रस्त्यावर तिचं इंटरनेटचं दुकान होतं. ते बंद झाल्यावर त्यातलं हे एकच यंत्र तिने घरी आणलं. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात तिने बसवलेल्या एक्स्टेन्शनांची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, चिन्हं ओळीने दिसत. ती त्यांना भाडेकरू म्हणायची. "जो काम करेल तो राहील," असं म्हणून दर महिन्याला त्यांची झडती घ्यायची. "तू काय करतोस रे? जाहिराती अडवतोस? रहा. आणि तू? कुठे काय स्वस्त ते नुसतं दाखवतोस? चालता हो." विल्मार शेगडीत लाकूड सारत ऐकायचा. तो लोकरीच्या वखारीत प्रत लावणारा. दिवसभर तोही हेच करत असे, ही या ढिगात, ती त्या ढिगात.

तिच्यामागे त्याने एकाही भाडेकरूला हात लावला नव्हता.

अदाइरने खुर्ची ओढली. "भाषांतर करणारा कोणता?"

"तो निळा. माझ्यासाठी बसवला होता तिने. तुमची भाषा बोलतो मी, पण वाचायची म्हटली की अडखळतो."

"आता मी वाचतो. काढू?"

विल्मारने मान हलवली. निळं चिन्ह गेलं आणि पान अदाइरच्या भाषेत आलं. कोनाड्यावर नाव उमटलं. कोएल्यो, झुरेमा. विल्मारने पडद्यावर बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं.

"दिवस मागा," तो म्हणाला.

अदाइरने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पान नुसतं लुकलुकलं. पानाच्या तळाशी एक फोन नंबर होता. खूप वेळ वाजल्यावर एका मुलीने उचलला.

"साहेब, तुमच्या ब्राउझरमध्ये काही बसवलंय का? जाहिराती अडवणारं वगैरे?"

"बरंच काही आहे."

"आमच्या पानाला ते चालत नाही. शेवटची खिडकी उघडायची असते, ती ते अडवतात. सगळं काढून टाका."

"सगळं? कामाचं तेवढं ठेवलं तर?"

"कोणतं अडवतंय ते मी इथून कसं सांगू, साहेब? आणि पाचला पान बंद होतं. माझ्या हातात नाही ते."

अदाइरने फोन ठेवला. शेगडीत लाकूड तडकलं.

"जाहिरातवाला जाऊ दे," विल्मार म्हणाला.

तो गेला. अदाइरने बटण दाबलं. काही नाही.

"हा काळा चंद्र काय करतो?"

"पान काळं करतो. शेवटच्या महिन्यांत तिला उजेड सोसत नव्हता." विल्मारने श्वास घेतला. "काढ."

काही नाही.

"हा तोंडासारखा?"

"वाचून दाखवतो. बाईचा आवाज आहे, राजधानीतल्या बायका बोलतात तसा ठसक्यात. झुरेमा तिच्याशी भांडायची. 'आली मोठी शहाणी' म्हणायची."

"दाजी, ठेवूया का?"

"घड्याळ बघ आणि विचार."

तोही गेला. बटण दाबलं, काही नाही. अदाइर घामाघूम झाला होता. विल्मार उठून खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला विहीर दिसत होती. झाकण सरकवलेलं, आणि कोणीतरी झाडूवाला लहान पेटी उलटी करतोय.

"आता एकच उरलाय," अदाइर म्हणाला. "हा सूर्याचा. हा काय करतो?"

विल्मारने नव्या टॅबकडे बोट दाखवलं. अदाइरने नवा कोरा टॅब उघडला तेव्हा त्याला कळलं. पडद्यावर एका डोंगराचं चित्र आलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत:

शुभ दुपार, झुरेमा.

त्याखाली बारीक अक्षरांत: आज तुमचं मुख्य काम काय?

पुढे रिकामी रेघ होती. झुरेमा रोज सकाळी तिथे काहीतरी लिहायची. विल्मारला चष्मा घ्यायला लावणे. मोसंबी. अदाइरशी समेट. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा कोरी व्हायची. ती गेल्यावरही पान रोज तिला हाक मारत होतं, रोज विचारत होतं. विल्मार सकाळी माते, तो कडवट पानांचा चहा, ओतून घ्यायचा, टॅब उघडायचा, वाचायचा आणि बंद करायचा. त्या रेघेवर त्याने कधी काही लिहिलं नाही. प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता.

"रोज हे असं येतं?" अदाइरने विचारलं.

"रोज."

"हा बिचारा काय अडवणार? नुसतं नमस्कार-चमत्कार करतो. राहू दे. दुसरं काही असेल. मी माझ्या घरी पळत जातो, तिथल्या मशीनवर..."

"तुझ्या मशीनला उंदराने वायर कुरतडलीय, तूच सांगितलंस."

"शेजाऱ्याकडे..."

"अदाइर." विल्मारने टेबलाची कड घट्ट धरली. "ती म्हणायची ना, काम करेल तो राहील? हा काय काम करतो? सांग."

अदाइरने माऊसवरचा हात काढून घेतला.

"काढ."

"तुम्हीच दाबा, दाजी. मी नाही दाबणार."

विल्मारने माऊस हातात घेतला. बाण एकदा चुकून बाजूला गेला. मग त्याने दाबलं. सूर्य गेला. कोपरा अगदी मोकळा झाला, घर रिकामं केल्यावर भिंत दिसते तसा.

अदाइरने पानावरचं बटण दाबलं.

एक लहान खिडकी उघडली.

"आली!" तो ओरडला. "आली, दाजी! थांबा, वाचतो. पेटी कोण नेणार? नवरा. कुठे? सान आंतेरो. दिवस... शुक्रवार सकाळ रिकामी आहे. शुक्रवार?"

"शुक्रवार."

"नोंद झाली." अदाइरने डोळे पुसले आणि लगेच नाक ओढून म्हणाला, "शुक्रवारी मी पण येतो. रस्ता ओलांडताना पेटी एका बाजूने मी धरतो. नाहीतर तुम्ही तिला झाडांच्या रांगेत पाडाल."

"तिला पाडायला मी काय आजचा आहे?"

"लग्नात नाचताना पाडलंत ना."

"ती माझ्या पायावर पडली. पाय माझा मोडला."

दोघे हसले. मग अदाइर उठला, जाताना विल्मारच्या डोक्यावर हात ठेवून गेला. एवढ्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

विल्मारने माते ओतला. तो गार झाला होता, तरी प्यायला. सवयीने टॅब उघडला. पांढरं पान आलं, बाकी काही नाही. नाव नाही, डोंगर नाही. तो त्या पांढऱ्याकडे बघत बसला. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. आधी ब्राझीलच्या बाजूचे, मग उरुग्वेच्या.

मग त्याने तो सूर्य शोधायला घेतला. एकेक अक्षर हुडकत, चष्मा नाकावर सरकवत. बराच वेळ लागला. असे सूर्य बरेच निघाले, लाल, केशरी, हसणारे. लोकर पारखावी तसा त्याने एकेक सूर्य पारखला. शेवटी तो सापडला. 'जोडा' असं लिहिलेलं होतं. त्याने जोडला.

डोंगराचं चित्र आलं. मधोमध पानाने विचारलं: नमस्कार! तुमचं नाव काय?

विल्मारने एका बोटाने टाइप केलं. झुरेमा.

शुभ संध्याकाळ, झुरेमा. आज तुमचं मुख्य काम काय?

रेघेच्या सुरुवातीला बारीक काठी लुकलुकत होती. विल्मारने शेगडीत आणखी एक लाकूड सारलं, हात पँटला पुसले आणि लिहिलं:

शुक्रवारी घरी येणे.