परस्पर ठरलेला जपान

मी एक जुना जपानी शब्दकोश आहे, मित्रांनो. पण कागदाचा नाही. चष्म्याच्या घरासारखा उघडतो, वर काच, खाली बारीक बटणं. इंग्रजी शब्द दाबला की जपानी शब्द दाखवायचो. आता हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या खणात, बंद पडलेले रिमोट आणि कुणाचेच नसलेले चार्जर यांच्या सोबतीला पडून आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पुण्यात कॅम्पात जपानी शिकवणाऱ्या कमरजहां मॅडमनी मला टोकियोत विकत घेतलं. तेव्हा पुण्यात कंप्युटर कंपन्यांचं पेव फुटलं होतं आणि जपानी येणाऱ्याला मागणी होती. मॅडमच्या वर्गातली मुलं मला नुसता हात लावायला रांग लावायची. मॅडमनी मला दिलं ते त्यांच्या सगळ्यात हट्टी विद्यार्थिनीला. तिचं नाव नम्रता, आणि त्या नावाशी तिचा फारसा संबंध नव्हता. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, राहायला तिथलेच क्वार्टर्स.

"शोभेला ठेवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "बटणांवरची अक्षरं पुसली, की दाखवायला आण."

नम्रताने ती पुसून दाखवली. बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने ती मला दाबत असे. परीक्षा पास झाली, हडपसरच्या कंपनीत दुभाषी म्हणून लागली. जपानी साहेब बोलू लागले की सगळी खोली तिच्याकडे बघायची. टीमचा प्रमुख होता सुदर्शन. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "नम्रता नसती तर आपण नुसते वाकून नमस्कार करत बसलो असतो." तेव्हा ती हसली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस.

मग कंपनीने नम्रताला दोन वर्षांसाठी ओसाकाला पाठवायचं ठरवलं. तिने माझ्याकडून भाड्याच्या घराचा शब्द शिकून घेतला, गॅस जोडणीचा शिकून घेतला. सुदर्शनची आई, वेणूबाई, तेव्हा कात्रजला एकट्या राहत. एका संध्याकाळी तो आईकडून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आई नको म्हणते. नवी सून लगेच परदेशी, तिला पटत नाही."

नम्रताने मला इतक्या जोरात मिटलं, की माझी एक बिजागरी तडकली. सासूला विचारायला ती गेली नाही. ओसाकाला दुसरं कुणी गेलं. पुढे सुदर्शन स्वतः टोकियोला सहा महिने जाऊन आला, तेव्हा मात्र आईची काही हरकत दिसली नाही. हेही नम्रताने सासूच्याच खात्यावर मांडलं.

नंतर फोन हुशार झाले. मी खणात गेलो, आतल्या सेलसकट. वेणूबाई कात्रजचं घर सोडून इथे राहायला आल्या. दोघी बायका एका छपराखाली, पण बोलणं कामापुरतं.

"जेवण झाकलंय."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत."

अशी बरीच वर्षं गेली.

एका रविवारी दुपारी सुदर्शनने लॅपटॉप टीव्हीला जोडला. "एप्रिलमध्ये जपान!" तो म्हणाला. "अख्खा आठवडा. ऑफिसातली दोन कुटुंबं आपल्याबरोबर. सगळं ठरवलंय."

खरोखरच ठरवलं होतं. टोकियो, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा. सकाळी मंदिर, दुपारी किल्ला, संध्याकाळी बुलेट ट्रेन, आणि प्रत्येक गावात जेवायला एक भारतीय हॉटेल.

"जपानमध्ये रोज पनीर?" नम्रताने विचारलं.

"सगळ्यांना चालतं."

"आणि ओसाका अर्धा दिवस?"

"किल्ला तेवढा बघण्यासारखा आहे."

"तुला काय माहीत?"

"नेटवर आहे सगळं. आणि तू आहेस ना! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, दुभाषी आपल्या घरचीच आहे. स्टेशन म्हणू नका, दवाखाना म्हणू नका, ती बघेल."

"मला विचारून सांगितलंस?"

"त्यात विचारायचं काय? तुला जपान आवडतं."

"आवडत होतं. जायची वेळ आली तेव्हा तुझ्या आईंनी नको म्हटलं."

वेणूबाई कोपऱ्यात मटार सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "कोणी? मी?"

"आई, जुनं झालं ते," सुदर्शन घाईने म्हणाला. "राहू दे."

"जुनं झालंय तर सांगून टाक. कशाला नको म्हटलं मी?"

नम्रताने सासूकडे वळून पाहिलं. "ओसाकाच्या नोकरीला."

"मला ओसाका हा शब्द आज कळतोय, बाई."

टीव्हीवर सहलीच्या तक्त्यावरचं गुलाबी फुलांचं चित्र तसंच होतं. सुदर्शन त्याच्याकडे बघतच म्हणाला, "मला वाटलं, तू तिकडे गेलीस की परत येणार नाहीस. मी जाऊ नको म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"म्हणून माझं नाव पुढे केलंस?" वेणूबाईंनी मटारची परात बाजूला सारली. "इतकी वर्षं हिचं वाकडं तोंड बघत जेवले मी. मला वाटायचं, मुळातच खाष्ट आहे."

"आहेच मी," नम्रता म्हणाली. "पण एवढी नव्हते."

मित्रांनो, यानंतर गळ्यात गळे पडले असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही झालं नाही. सुदर्शनने दोनदा माफी मागितली. नम्रताने त्याला एवढंच सांगितलं, "तुझ्या पाहुण्यांसाठी दुसरा दुभाषी बघ." आणि ती स्वतःचा आठवडा आखायला बसली. मुक्काम ओसाकाला. तिथूनच एक दिवस क्योटो, एक दिवस नारा, आणि शेवटी कोयासानच्या डोंगरावर, पाहुण्यांना उतरवून घेणाऱ्या एका मंदिरात दोन रात्री.

वेणूबाई मागून डोकावल्या. "माझा पासपोर्ट कोराच पडलाय. न्यायचं तर ने. पण उपकार म्हणून नको."

"उपकार करायची मला सवय नाही."

"ते माहीत आहे."

नम्रताने मंदिरात फोन लावला. बरीच वर्षं ती भाषांतराच्या कामापुरतं जपानी नुसतं लिहीत होती, बोलत नव्हती. मध्येच अडली, खण उघडून मला बाहेर काढलं. मी आसुसलो होतो. पण माझ्यातले सेल कधीच फुटले होते, आत हिरवट बुरशीसारखं काहीतरी साचलं होतं. माझी काच उजळली नाही. तिने मला बाजूला ठेवलं, श्वास घेतला आणि सांधेदुखीचा शब्द सोडून साध्या शब्दांत सांगून टाकलं, "सासूबाईंना खाली बसता येतं, उठता येत नाही."

पलीकडे कुणीतरी हसलं. मग ती सलग बोलू लागली. मासा नको, मासा उकळलेलं पाणीही नको.

"काय म्हणतात?" वेणूबाईंनी विचारलं.

"बसकी खुर्ची ठेवतील. आणि जेवणात कांदा-लसूणसुद्धा नसतो म्हणतात."

"मग बऱ्या घरचे दिसतात."

एप्रिलमध्ये, सुदर्शनच्या सहलीच्या आठवडाभर आधी, दोघी निघाल्या. सुदर्शन बॅगा उचलायला वाकला. वेणूबाई म्हणाल्या, "राहू दे. चाकं आहेत त्यांना." लिफ्टचं दार लागेपर्यंत खिडकीची जागा कुणाची यावरून दोघींची जुंपलेली मला ऐकू येत होती. नंतर सुदर्शन एकटाच आत आला.

मित्रांनो, मी आता दुरुस्त होणार नाही. जुनं यंत्र ठेवून देताना त्यातले सेल काढून ठेवत जा, एवढी माझी विनंती आहे. आत राहिलेलं झिरपत राहतं आणि चांगल्या वस्तूला खातं. आणि आणखी एक. माझ्या पोटात लाखभर शब्द होते. त्यातला एकही मी कधी परस्पर कुणाच्या तोंडी घातला नाही.