दोनशे सोळावं नाव

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. शाळेची नाही आणि दुकानाचीही नाही. मी चर्चची बाप्तिस्म्याची वही. आमच्या मंडळीत ज्या लेकराच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, त्याचं नाव माझ्यात लिहिलं गेलं. गाव चिखली तालुक्यातलं, अमडापूरच्या अलीकडचं. त्याहून जास्त सांगणार नाही. सांगितलं, तर पुन्हा कुणीतरी ब्लेड घेऊन यायचं.

माझा जन्म खामगावच्या एका बाईंडरच्या दुकानात झाला. जाड पुठ्ठा, लाल कापडाची पाठ, दोऱ्याची पक्की शिवण. बाईंडर म्हणाला होता, "शंभर वर्षं पान निखळणार नाही." तो खरं बोलला. माझं एकही पान आपणहून निखळलं नाही.

माझ्यात लिहिण्याचं काम हिंमतराव मास्तरांचं. गावच्या शाळेत ते गणित शिकवत आणि रविवारी मंडळीचे चिटणीस असत. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. नवीन पाळक आले की आधी मला उघडत आणि म्हणत, "वा मास्तर! वही असावी तर अशी." तेव्हा मी फुलून जाई. आता त्या कौतुकाची मला लाज वाटते.

आमच्या मंडळीची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. इथल्या लेकरांना दोन नावं असतात. एक माझ्यातलं आणि एक सरकारी कागदावरचं. मास्तरांच्या मुलीचंच घ्या. माझ्यात ती मार्था, क्रमांक दोनशे दहा. जन्मदाखल्यावर, शाळेत आणि जातीच्या दाखल्यावर ती प्रतिमा. असं का, विचाराल. तर आजोबांच्या जातीचा दाखला ख्रिस्ती झालेल्या माणसाला चालत नाही, असा कायदा आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं गावाच्या नजरेतली जात धुतली जात नाही, दाखला तेवढा धुऊन जातो. म्हणून आईबापं देवाला एक नाव सांगतात आणि साहेबाला दुसरं. खोटं कुणाशी बोलायचं, एवढंच ज्याचं त्यानं ठरवायचं.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, दोनशे सोळावं नाव होतं. शमुवेल. मजुरीला जाणाऱ्या अंबूबाईचा मुलगा. घरीच जन्मला, अकरा दिवस जगला. नवव्या दिवशी अंग तापलं, तेव्हा अंबूबाई त्याला पदराखाली घेऊन धावत चर्चमध्ये आली. पाळकांनी घाईघाईनं पाणी लावलं. मास्तरांनी तितक्याच घाईनं नाव लिहिलं आणि नावाशेजारी शाईचा मोठा थेंब पडला. मास्तर हळहळले, इतकी सुरेख वही डागाळली म्हणून.

त्या बाळाचा ना जन्माचा दाखला निघाला, ना मृत्यूचा. कबरीवरचा लाकडी क्रूस वाळवीनं खाल्ला. हा मुलगा कधीकाळी या जगात आला होता, हे फक्त माझ्या एका ओळीत उरलं.

दरवर्षी ईस्टरच्या सकाळी मंडळी मला घेऊन कबरस्तानात जमते आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. अंबूबाईला अक्षरओळख नाही. नावं वाचून झाली की ती मास्तरांजवळ येई आणि म्हणे, "मास्तर, माह्या शमुवेलचं नाव दाखवा बरं." मास्तर पान काढून देत. ती त्या ओळीवर बोट ठेवी आणि घटकाभर उभी राही. सत्तावीस वर्षं हे चाललं. मित्रांनो, पाळकांच्या कौतुकापेक्षा मला त्या खरबरीत बोटाचा अभिमान जास्त होता.

मग जातीच्या दाखल्यावर, राखीव जागेतून, प्रतिमाला आरोग्यसेविकेची नोकरी लागली. मास्तरांनी गावभर पेढे वाटले. ज्याला ते गोड लागले नाहीत, अशा कुणीतरी निनावी अर्ज ठोकला, 'ही मुलगी ख्रिस्ती आहे, चर्चची वही तपासा.' चौकशी लागली.

एका शनिवारी दुपारी बापलेक चर्चमध्ये आले. दार आतून लावलं. मला टेबलावर उघडलं.

"बाबा, फक्त माह्यी ओळ खोडा ना," प्रतिमा म्हणाली.

"खोडलं का दिसते, पोरी. पान गेलं तं कोणाले समजते?"

"पण त्याच्यावर दुसऱ्यायची नावं हायेत."

"त्यायचं काय जाऊन राह्यलं? त्यायले कोण विचारते? तुही नोकरी गेली तं कोण देईन?"

 प्रतिमाचे डोळे भरले होते, हे मी सांगितलं पाहिजे. पण तिनं बापाचा हात धरला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मास्तरांनी दाढीचं ब्लेड काढलं आणि शिवणीलगत पान कापलं. उलटून पाहिलंसुद्धा नाही. मागच्या अंगणात झाडलेल्या लिंबाच्या पाल्याचा ढीग पेटत होता, त्यात त्यांनी ते टाकलं. खिडकीतून मला माझाच वास आला.

आणि चौकशीचं काय झालं? साहेबांनी शाळेचा दाखला पाहिला, आजोबांचा कागद पाहिला आणि फाईल बंद केली. चर्चकडे कुणी फिरकलंच नाही. आठ लेकरं फुकट जळाली.

पुढचा ईस्टर आला. नावं वाचून झाली. अंबूबाई नेहमीसारखी पुढे आली. आता तिची कंबर वाकली आहे. "मास्तर, दाखवा बरं."

मास्तरांनी मला उघडलं. दोनशे आठ आणि लगेच दोनशे सतरा. जन्मभर पोरांना वजाबाकी शिकवलेला हा माणूस त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला.  मग त्यांनी अंबूबाईचं बोट धरलं, दुसऱ्याच एका ओळीवर ठेवलं आणि वाचलं, "शमुवेल."

तिनं बोट फिरवलं. वाकून पाहिलं. "मास्तर, हे नोहे. माह्या लेकराजवळ शाईचा डाग होता. अन् तो खाली होता, कोपऱ्यात."

"तुमची नजर गेली, अंबूबाई. हेच हाये."

पलीकडे प्रतिमा उभी होती. तिनं मान खाली घातली.

अंबूबाईनं बोट उचललं आणि पदराला पुसलं. "असंन बाप्पा. म्या अडाणी. पण मंग हे कोणाचं लेकरू हाये, त्याच्या मायले सांगजा मास्तर, अंबूनं चुकून हात लावला म्हणा."

मी ओरडले असते. पण वहीला तोंड नसतं. ज्यांना तोंड होतं, ते दोघंही गप्प राहिले.

त्यानंतर एकदा मास्तर एकटेच आले. माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, '२१६. शमुवेल.' पुढच्या रकान्यात जन्मतारीख लागते. पेन तिथंच थांबलं. ती तारीख जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तिला विचारायला जायचं धाडस मास्तरांच्या अंगात नाही. रकाना तसाच रिकामा आहे. अक्षर मात्र अजून मोत्यासारखं आहे.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झुरळांपासून जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं व्हायचं ते झालं. एवढंच मागते, आपल्या लेकरासाठी एखादं पान फाडायची वेळ आलीच, तर आधी ते उलटून पाहा. मागच्या बाजूलाही कुणाचं तरी लेकरू असतं.